भिंतीवरचे मुखवटे आणि तव्यावरची तोर्ता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत मेक्सिको सिटीतल्या ‘एल क्वाद्रिलातेरो’ या, एका पैलवानाने चालवलेल्या खाणावळीवरचा लेख वाचला. भिंतीवर पैलवानांचे मुखवटे लावलेल्या, लुईस मोया रस्त्यावरच्या या लहानशा दुकानाची दखल मराठी वर्तमानपत्राने घेतली, हे चांगलंच झालं. पण सोबतच्या चौकटीत ‘घरच्या घरी तोर्ता’ (तोर्ता म्हणजे भरलेल्या पावाचं मेक्सिकन सँडविच) म्हणून जी कृती छापली आहे, ती करून पाहणाऱ्याच्या ताटात ओला लगदा पडणार. आणि ‘अशी थीम आपल्याकडेही जोरात चालेल’ हे शेवटचं वाक्य वाचून कुणी ऑनलाइन पन्नास मुखवटे मागवून भिंतीला ठोकले, तर थोड्याच पावसाळ्यांत ते चिकट होऊन सोलपटायला लागणार. असं का होतं, ते लेखात कुठेच नाही. आम्ही दोघे हॉटेलांची स्वयंपाकघरं आणि आतली मांडणी यांचीच कामं करतो. तेव्हा ही पुरवणीला पुरवणी.

आधी कुस्तीचं. लेखात लुचा लिब्रेला, म्हणजे मेक्सिकोतल्या मुखवटेधारी कुस्तीला, ‘टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीचा मेक्सिकन अवतार’ म्हटलं आहे. मेक्सिकोतली ही परंपरा स्वतःच्या पायावर उभी आहे. साल्वादोर लुतेरोत यांनी तिथली पहिली मोठी कुस्ती-कंपनी काढली ती २१ सप्टेंबर १९३३ ला. ती आजही सी.एम.एल.एल. या नावाने चालू आहे आणि १९५६ मध्ये उघडलेलं अरेना मेहिको हे तिचं मुख्य मैदान. लढत बहुधा तीन डावांची, दोन जिंकेल तो विजयी. तिघा-तिघांचे संघ लढवण्याची पद्धतही फार रुळलेली. ‘तेक्निको’ म्हणजे नियमाने, सफाईने खेळणारे. ‘रूदो’ म्हणजे पंचाची पाठ वळली की नियम मोडणारे. निकाल ठरवलेला असतो हे प्रेक्षकांना ठाऊक असतं, पण दोरीवरून बाहेर बसलेल्या प्रतिस्पर्ध्यावर झेप घेणाऱ्याचे गुडघे खरेच झिजतात. या खाणावळीचे मालक सुपर आस्त्रो हे त्या झेपा घेणाऱ्यांपैकी. सोलार आणि उल्त्रामान यांच्याबरोबरचं त्यांचं त्रिकूट ‘अंतराळाचे कॅडेट’ या नावाने गाजलं. दुकानाचं नावही रिंगणावरूनच आहे.

मुखवट्याचा नियम कळल्याशिवाय त्या भिंतीचा अर्थ लागत नाही, आणि लेखाने तोच गाळला आहे. लढतीत समोरच्याचा मुखवटा ओढून काढणारा बाद होतो. पण पैजेची लढत वेगळी. तिथे मुखवट्याविरुद्ध मुखवटा किंवा मुखवट्याविरुद्ध केस लावले जातात. हरणाऱ्याने हजारो लोकांसमोर मुखवटा उतरवायचा, आपलं खरं नाव, गाव आणि कुस्तीत किती वर्षं झाली ते सांगायचं, आणि त्या मुखवट्याने पुन्हा रिंगणात उतरायचं नाही. केस लावलेले असतील तर तिथल्या तिथे मुंडण. एल सांतो या गाजलेल्या पैलवानाने, म्हणजे रोदोल्फो गुस्मान उएर्ता यांनी, १९४२ पासून चंदेरी मुखवटा वापरला, तो घालूनच पन्नासहून अधिक चित्रपटांत काम केलं आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये वारल्यावर त्यांना पुरलंही मुखवट्यासकट. तेव्हा अशा खाणावळीच्या कपाटात मुखवटा दिसला की पहिला प्रश्न हा: तो मालकाने स्वतः घालून झिजवलेला, पैजेत जिंकलेला, मित्राने दिलेला, की मैदानाबाहेरच्या पथारीवरून आणलेला? चारही भिंतीवर शेजारी लटकू शकतात. पण त्यांची किंमत आणि त्यांची निगा सारखी नसते. ती भिंत म्हणजे घरच्या माणसाचा सेवेचा दाखला आहे. तिला ‘रंगीबेरंगी सजावट’ म्हणून मोकळं होता येत नाही. आणि तिला रोज तव्याच्या धुराशेजारी राहायचं असतं, खरी अडचण तिथेच आहे.

आता तवा. चौकटीतल्या कृतीत लादी पाव, पनीर, कच्ची मिरची आणि टोमॅटो सॉस आहे. यातली एकही गोष्ट तोर्त्यात चालत नाही, आणि प्रत्येकीचं कारण निराळं.

लादी पाव एकमेकांना चिकटून भाजला जातो, म्हणून त्याच्या बाजूंना साल धरतच नाही. वडापावात ते बरंच, कारण वडा कोरडा असतो आणि चार घासांत संपतो. तोर्त्यात पावाच्या पोटी तीनशे ग्रॅमच्या आसपास ऐवज जातो, त्यात अ‍ॅव्होकाडो, टोमॅटो आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेली मिरची, शिवाय वरून उलथण्याने दाब. मऊ बाजू फाटते आणि सगळं हातावर येतं. मेक्सिकोत त्यासाठी तेलेरा नावाचा पाव असतो: चपटा, लांबट, वर दोन खाचा, सगळीकडून पातळ कडक साल आणि आत विरळ गर. त्याचा भाऊ बोलियो मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता आणि एकाच चिरेचा. आपल्याकडे सर्वांत जवळचा पर्याय इराणी बेकरीतला ब्रून किंवा कडक पाव, गोव्यात उंडो. आठवड्यात शंभर तोर्ते विकायचे असतील तर बेकरीवाल्याला ब्रूनच्याच पिठाचे चपटे गोळे मागावेत. तो खळखळ न करता देईल.

घरी करायचे तर आठ पावांचं प्रमाण असं: मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३०० मि.ली., इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, साखर १० ग्रॅम, वनस्पती तूप किंवा डुकराची चरबी २० ग्रॅम. दूध किंवा दूध पावडर घालू नये, त्याने साल मऊ पडते. सगळं एकत्र करून दहा-बारा मिनिटं जोर लावून मळायचं. लहान गोळी दोन्ही हातांनी ताणली की न फाटता पारदर्शक व्हायला हवी. झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवायचं. मुंबईच्या उकाड्यात पाऊण तास पुरतो, नाशिकच्या डिसेंबरात दीड तासही लागतो. घड्याळापेक्षा पिठाकडे बघावं. मग साधारण १०५ ग्रॅमचे आठ गोळे करून पंधरा मिनिटं विसावू द्यायचे. ही विश्रांती टाळली की गोळा लाटल्या लाटल्या परत आखडतो आणि माणूस वैतागून आणखी मैदा भुरभुरवतो, तिथून पाव कोरडा पडायला सुरुवात होते.

प्रत्येक गोळा वितभरापेक्षा जरा कमी लांब आणि दीड सेंटिमीटर जाडीचा, लांबट गोल दाबायचा. वर मैदा चोळायचा आणि करंगळीएवढ्या जाडीच्या गुळगुळीत काठीने लांबीच्या दिशेने दोन खाचा पाडायच्या. त्या भीतभीत पाडू नयेत. काठी जवळजवळ पाटाला टेकली पाहिजे. नंतर पाव उपडा करून मैदा लावलेल्या फडक्यावर अर्धा तास ठेवायचा. उपडा न ठेवता सरळ ठेवला तर फुगताना खाचा बुजतात आणि भट्टीतून साधा बन बाहेर येतो. भाजायच्या वेळी अलगद उलटवून २२० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं. पहिली पाच मिनिटं ओव्हनच्या तळाच्या तापलेल्या ट्रेमध्ये अर्धा कप उकळतं पाणी ओतून वाफ द्यायची (वाफेपासून हात आणि दिव्याची काच दोन्ही सांभाळा). वाफेविना साल लवकर बांधली जाते आणि पाव कडेने फुटतो. कमी आचेवर जास्त वेळ भाजला तर साल जाड होते, चावताना टाळू सोलते आणि सारण मागच्या बाजूने निसटतं. भट्टीतून काढल्या काढल्या पाव कापू नये. चार-पाच तासांचा पाव तोर्त्याला उत्तम. आदल्या दिवसाचाही तव्यावर शेकून चालतो.

यानंतर फ्रिहोलेस, म्हणजे घोटलेला राजमा. दिसायला साधा लेप, पण पाव ओला होण्यापासून वाचवतो तो हाच. चित्रा राजमा २५० ग्रॅम रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यायचं. अर्धा कांदा, दोन लसूण पाकळ्या आणि ताजं पाणी घालून कुकरमध्ये पूर्ण मऊ करायचा, बोटाने चिरडताना कणी लागता कामा नये. राजमा कधीही नुसत्या मंद आचेवर कोमट-कोमट शिजत ठेवू नये. कच्च्या राजम्यातलं विषारी प्रथिन खळखळत्या उकळीनेच मोडतं, नाहीतर ओकाऱ्या ठरलेल्या. मग कढईत तीन मोठे चमचे चरबी किंवा तेल तापवून बारीक कांदा तांबूस करायचा, राजमा थोड्या पाण्यासकट घालून डावाने घोटायचा. उलथणं ओढल्यावर कढईचा तळ क्षणभर उघडा राहिला की झालं; त्याआधी उतरवला तर लेप वाहतो. थंड झाल्यावर तो आणखी घट्ट होतो, हे धरूनच उतरवावं.

मिरची कच्ची नसते, व्हिनेगरमध्ये मुरवलेली असते. पाव किलो हालापेन्यो चिरून, एक गाजर, एक कांदा आणि चार लसूण पाकळ्यांबरोबर तेलात दोन-तीन मिनिटं परतायच्या. त्यावर २५० मि.ली. व्हिनेगर, तेवढंच पाणी, दहा ग्रॅम मीठ, तमालपत्र, ओरेगॅनो, थोडे मिरीदाणे घालून एक उकळी. काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्येच ठेवायची आणि दुसऱ्या दिवसापासून वापरायची. हालापेन्यो न मिळाल्यास भज्यांची जाड मिरची चालते, फक्त तिला तिखटपणा नसतो, म्हणून तिच्यात दोन-तीन तिखट मिरच्या मिसळाव्यात. टोमॅटो सॉसचं तर कामच नाही. इथे आंबटपणा मिरचीतून येतो आणि गोडवा अजिबात नको.

पनीरबद्दल: लिंबू किंवा व्हिनेगरने फाडलेल्या दुधाचं पनीर कितीही तापवा, वितळत नाही, नुसतं कोरडं होतं. मेक्सिकोतलं वाहाकाचं चीज आणि मोझरेला ही दोन्ही गरम पाण्यात ताणून केलेली, म्हणून तार धरतात. पिशवीत पाण्यात तरंगणारा ताजा मोझरेला मात्र घेऊ नये, पिझ्झाचा कोरडा घ्यावा.

मिलानेसा, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला मांसाचा पातळ तुकडा, हा त्यातल्या त्यात सगळ्यांना आवडणारा प्रकार. मेक्सिकोत गोमांस, डुकराचं मांस किंवा कोंबडी. आपल्याकडे कोंबडीची छाती. शंभर ग्रॅमचा तुकडा प्लॅस्टिकच्या दोन कागदांत ठेवून पाच मिलिमीटर जाडीपर्यंत ठोकायचा. मीठ, लसूण, लिंबू लावून अर्धा तास. मैदा, फेटलेलं अंडं, पावाचा चुरा, या क्रमाने घोळवून दहा मिनिटं तसाच ठेवायचा, म्हणजे चुरा पकड घेतो. तेल १७५ अंशांच्या आसपास, प्रत्येक बाजूला दोन मिनिटं. तेल थंड असलं की चुरा तेल पितो. फार तापलेलं असलं की बाहेर करपतं आणि आत गुलाबी राहतं, आणि कोंबडी गुलाबी वाढायची नसते.

जोडणीचा क्रम असा. पाव आडवा चिरून वरच्या अर्ध्यातला गर बोटांनी काढून टाकायचा. जागा होते आणि चावा एका घासात बसतो. दोन्ही आतल्या बाजू चरबी किंवा लोणी लावून तव्यावर तांबूस शेकायच्या. खालच्या भागाला पन्नास ग्रॅम राजमा अगदी कडेपर्यंत. तव्यावर शेजारीच चाळीस ग्रॅम चीज पसरून त्याला खालून तांबूस पापुद्रा येऊ द्यायचा आणि तो उलटा करून मिलानेसावर घालायचा, मिलानेसा राजम्यावर. मग कांद्याच्या चकत्या, मीठ लावून टिपलेला टोमॅटो, पन्नास ग्रॅम अ‍ॅव्होकाडो, मिरची. वरच्या पावाला मेयोनीज. टोमॅटो पावाला कुठेही टेकता कामा नये; खाली मांस, वर अ‍ॅव्होकाडो असाच तो दाबून बसवायचा. मग तोर्ता परत तव्यावर ठेवून वर किलोभर वजनाचा सपाट दाब, दीड-दोन मिनिटं. तिरपी चीर देऊन लगेच वाढायचा. एका तोर्त्याचं वजन चारशे ग्रॅमच्या आतबाहेर भरतं. डब्यात भरून स्कूटरवरून पाठवायचा असेल तर अ‍ॅव्होकाडो आणि मिरची वेगळी द्यावी, कारण वाफेने पंधरा-वीस मिनिटांत सालीचा कडकपणा जातो. एल क्वाद्रिलातेरोसारखी दुकानं गिऱ्हाइकासमोर तव्यावरून थेट ताटलीत वाढतात.

चोरिसोचा, म्हणजे डुकराच्या मसालेदार सॉसेजचा, तोर्ता करायचा असेल तर गोमंतकीय वाचकांची चांदी आहे. मेक्सिकोचा आणि गोव्याचा, दोन्ही चोरिसांचा उगम आयबेरियन, म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडचा. मिरची मूळ मेक्सिकोकडची, पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली. म्हणजे चोरिस-पाव आणि चोरिसोचा तोर्ता ही दूरची भावंडंच. फरक एवढाच की मेक्सिकोचा चोरिसो बहुधा ओला, सुटा परतायचा, तर गोव्याचा वाळवलेला, जास्त खारट आणि जास्त आंबट. तिथे शंभर ग्रॅम लागतो तिथे गोव्याचा साठ पुरे. साल काढून थोड्या पाण्यात शिजवायचा, पाणी आटलं की सुटलेल्या चरबीतच परतायचा, वरून मीठ घालायचं नाही आणि त्या तोर्त्यात मुरवलेली मिरची निम्मी करायची.

लेखाचा निम्मा भाग ‘ग्लादियादोर’ तोर्त्याने खाल्ला आहे, त्यावर थोडक्यात. तो साधारण १.३ किलोचा, आणि पंधरा मिनिटांत संपवणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत. एवढा तोर्ता उभा राहतो तो थरांच्या क्रमामुळे. अंडं आणि वितळलेलं चीज हे जोडणारे थर, त्यांच्यामध्ये सॉसेज, हॅम, बेकन असे घसरणारे. एकावर एक दोन घसरणारे थर आले की दाबाबरोबर आतला माल कडेने सरकतो. आपल्याकडेही २०२१ मध्ये मावळातल्या एका हॉटेलाने तासाभरात चार किलोची थाळी संपवणाऱ्याला बुलेट देऊ केली होती, तेव्हा ही कल्पना नवी नाही. पण थाळीत रस्सा असतो, इथे कोरडा पाव आणि मांस. घड्याळ लावून असं खायला देणाऱ्या मालकाने तोर्त्याचे सहा-आठ तुकडे करून द्यावेत, पाणी हाताशी ठेवावं, लहान मुलांना आणि दारू प्यायलेल्यांना बसू देऊ नये, आणि घास घशात अडकला तर पोटावर झटके देऊन तो कसा काढायचा हे येणारा निदान एक माणूस पाळीवर हवा. हे न करता स्पर्धेचा फलक लावणारं हॉटेल आमच्या मते बेजबाबदार.

आता भिंत. व्यावसायिक मुखवटा आणि बाजारी मुखवटा हातात घेतला की लगेच वेगळा कळतो. मेक्सिकोत मुखवटा शिवण्याचं तंत्र एका चांभाराने बसवलं असं सांगतात. १९३०च्या दशकात आंतोनियो मार्तीनेस यांनी एका पैलवानासाठी डोक्याची सतरा मापं घेऊन कातड्याचा मुखवटा शिवला, आणि पुढे त्यांच्या कुटुंबाने अनेक नामवंतांचे शिवले. आजचा चांगला मुखवटा ताणकापड, व्हिनाइल, चकाकीचं कापड अशा तुकड्यांचा, आतून अस्तर लावलेला, मागे बुटासारखी लेस आणि लेसखाली जीभ. लेस आवळली की तो कवटीला चिकटून बसतो, नाहीतर झेप घेताना डोळ्यांची भोकं सरकून पैलवान आंधळा होईल. पर्यटकांचा मुखवटा सैल, पातळ, सगळ्यांना एकच माप, डोळ्यांभोवतीचे काठ बऱ्याचदा डिंकाने चिकटवलेले. वापरलेल्या मुखवट्याला हनुवटीपाशी आणि लेसच्या भोकांशी ताण दिसतो, अस्तरावर घामाचे पिवळट डाग. हे डाग काढायला जाऊ नये, वापराचा पुरावा तोच आहे. वापरलेल्या म्हणून मिळणाऱ्या मुखवट्याचं अस्तर कोरं करकरीत असेल तर पैसे खिशात ठेवावेत.

बिघडतो कसा? तीन शत्रू: तेलाची वाफ, उजेड आणि दमट हवा. तव्यावरून उडणारं तेल भिंतीवर पापुद्र्यासारखं बसतं, त्यावर धूळ चिकटते आणि ताणकापडातलं लवचीक सूत हळूहळू दम सोडतं. पॉलियुरेथेनचा थर दिलेलं चमकतं कापड दमट हवेत रासायनिकरीत्या तुटतं, आधी चिकट होतं, मग खपल्या धरतं. हे एकदा सुरू झालं की त्यावर उपाय नाही, फक्त वेग कमी करता येतो. दिव्यांचा आणि उन्हाचा प्रकाश रंग उडवतो. गुलाबी, जांभळे आणि चमकते रंग सर्वांत आधी जातात.

त्यामुळे मांडणी अशी करावी. खरे मुखवटे तव्याच्या भिंतीवर कधीच नकोत. ते गिऱ्हाईक बसतं त्या बाजूला, तव्यापासून निदान तीन मीटर लांब आणि पंख्याच्या झोताबाहेर. धुराड्याचं भांडं तव्यापेक्षा चारही बाजूंनी वीतभर मोठं असावं आणि त्याच्या जाळ्या दर आठवड्याला धुवाव्यात. जाळी तुंबली की धूर खोलीतच फिरतो आणि सगळ्यांत वरच्या रांगेतले मुखवटे आधी काळवंडतात. मुखवटा खिळ्याला लेसने टांगू नये, सगळं वजन दोन भोकांवर येऊन ती फाटतात. फोमच्या डोक्यावर बसवावा, पण ते डोकं पैलवानाच्या डोक्यापेक्षा किंचित लहान असावं आणि उरलेली जागा सुती कापडाने भरावी. मोठ्या डोक्यावर ताणून बसवलेला मुखवटा दोन-तीन वर्षांत ढिला पडतो. वर अ‍ॅक्रिलिकची पेटी, मागून हवेला बारीक फट, आत सिलिका जेलची पुडी. पुडीचा रंग बदलला की ओव्हनमध्ये कोरडी करून परत. पूर्ण हवाबंद पेटी नको, आतला ओलावा कोंडतो आणि बुरशी येते. पेटीत दिवा लावू नये. लावायचाच तर बाहेरून, मंद एलईडी.

धुण्याचा मोह आवरावा. फारच चिकट झाला तर थंड पाण्यात सौम्य साबणाचे थेंब, पाच मिनिटं बुडवून हलकं दाबायचं, पिळायचं नाही, उलटा करून सावलीत सुकवायचा. इस्त्री, ब्लीच, पेट्रोल तिन्ही वर्ज्य. सहीचा मुखवटा तर पाण्याला लावूच नये, मार्करची शाई पसरते.

तिथले कुस्तीचे जाहिरात-फलक स्वस्त कागदावर ठळक टायपात छापलेले असतात. तो कागद आम्लधर्मी, उजेडात पिवळा पडून ठिसूळ होतो. मूळ फलक सपाट फाइलमध्ये ठेवावा आणि भिंतीवर चांगली रंगीत प्रत लावावी; गिऱ्हाइकाला फरक पडत नाही. फोटो फ्रेम करताना काचेला टेकवू नये, मधे पुठ्ठ्याची चौकट हवी, नाहीतर पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो आणि सोडवताना चेहऱ्याचा रंग काचेवरच राहतो. प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी: कुणाचं, कोणत्या लढतीतलं, कोणत्या साली, भिंतीवर कसं आलं. ही माहिती पहिल्या पिढीलाच ठाऊक असते. सुना-मुलं दुकान चालवायला लागली की तीच आधी हरवते.

आणि कायद्याचं. मेक्सिकोत पैलवान आपलं नाव आणि मुखवट्याची रचना औद्योगिक मालमत्ता म्हणून नोंदवतात. कधी हक्क कंपनीचा असतो. मिस्तिको हा तिथला मोठा तारा २०११ मध्ये अमेरिकेत गेला, तेव्हा नाव सी.एम.एल.एल.कडे राहिलं आणि त्या नावाने दुसरा माणूस उतरवला गेला. मूळ पैलवान परतल्यावर बराच काळ कारिस्तिको म्हणून लढला आणि २०२१ मध्ये त्याला नाव परत मिळालं. तेव्हा पुण्यातल्या कुणी सांतोचा चंदेरी मुखवटा पाटीवर, मेन्यूवर, कपांवर छापायच्या आधी वकिलाला विचारलेलं बरं. भिंतीवर एक वस्तू ठेवणं वेगळं, ती आपली खूण म्हणून वापरणं वेगळं.

आमचं मत विचाराल तर पुण्यात मुखवट्यांची नक्कल करण्यात काही हशील नाही. कोल्हापुरात खासबाग मैदानाच्या आसपास आणि तालमींमध्ये जुन्या लढतींचे फोटो, फेटे आणि चांदीच्या गदा आहेत. हेलसिंकीत १९५२ मध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांच्या काळातले कागद अजून घराघरांत आहेत. यातलं बरंचसं उघड्या भिंतीवर, स्वयंपाकघरालगत आणि ओल आलेल्या कोपऱ्यात टांगलेलं असतं. कुटुंबाने चालवलेल्या, आजोबांची गदा काचेत ठेवलेल्या खानावळीत तांबडा रस्साच मिळत असेल, तरी ती एल क्वाद्रिलातेरोच्या जास्त जवळची. वर सांगितलेली पुठ्ठ्याची चौकट, चिठ्ठी आणि सिलिका जेल तिथेही तशीच लागू पडते. फक्त गदेला पॉलिशची पावडर घासू नये, मुलामा पातळ होतो. मऊ सुती फडकं पुरे.

चौकट दुरुस्त करून पुन्हा छापणार असाल तर पावाची मापं ग्रॅममध्येच ठेवावीत ही विनंती. वाटी-चमच्यात छापली की वाटीगणिक पाणी कमी-जास्त पडेल आणि खाचा बुजल्याची पत्रं आपल्याकडेच येतील.

कळावे,
खाद्यव्यवसायातले दोन वाचक, पुणे